मधमाशीच्या पोटात कोण राहतं?

पुण्यात झाडाखाली गाडी लावून कामाला गेलात आणि परत आलात, की काचेवर कधीकधी पिवळे ठिपके दिसतात. दोन-तीन मिलिमीटरचे, काही गोल, काही लांबट, वाळून घट्ट चिकटलेले. वायपर फिरवला तर निघत नाहीत, उलट पसरतात. बाबांना वाटतं झाडाचा चीक. आजीला वाटतं वर कुठेतरी रंगकाम चाललंय. मान वर करून आजूबाजूला बघा. एखाद्या इमारतीच्या छज्ज्याला, पाण्याच्या उंच टाकीखाली किंवा आडव्या जाड फांदीला काळपट, अर्धगोल आग्या मोहोळ लटकलेलं सापडेल. ते पिवळे ठिपके म्हणजे त्या माश्यांची शी!

नाक मुरडू नका. या शीमुळे एकदा जगातले दोन बलाढ्य देश एकमेकांशी भांडले होते.

गोष्ट १९८१ सालची. लाओस आणि कंबोडिया भागातले लोक सांगत होते, की आकाशातून पिवळा पाऊस पडतो. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी जाहीर आरोप केला, की सोव्हिएत रशियाच्या मदतीनं तिथे विषारी अस्त्रं वापरली जात आहेत. केवढी खळबळ उडाली असेल! मग मॅथ्यू मेसेलसन या शास्त्रज्ञानं आणि मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली यांनी त्या ठिपक्यांकडे नीट पाहिलं. ठिपके परागकणांनी भरलेले होते. आग्या माश्यांचा थवाच्या थवा पोळ्यावरून एकदम उडतो, हवेत पोट मोकळं करतो आणि परत येऊन बसतो. उंचावरून हे घडत असल्यामुळे माश्या दिसत नाहीत, दिसतात ते फक्त पडणारे थेंब. १९८४ मध्ये थायलंडच्या जंगलात हिंडताना या शास्त्रज्ञांवर स्वतःवरच असा पाऊस पडला. आपल्याकडे २००२ च्या जूनमध्ये कोलकात्याजवळच्या संग्रामपूर गावात हिरवट-पिवळा पाऊस पडला, तेव्हाही लोक घाबरले होते. तपासणीत काय निघालं? मधमाश्यांची विष्ठा, आंबा आणि नारळाच्या परागांसकट.

तुमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर हा ठिपका तुम्हीही तपासू शकता. मोहोळाच्या जवळ मात्र अजिबात जायचं नाही. आग्या माश्या चिडल्या तर लांबवर पाठलाग करतात. गाडीच्या काचेवरचा वाळलेला ठिपका हातमोजा घालून खरवडा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात मिसळा आणि बाईंना सांगून भिंगाखाली धरा. परागकणांची रिकामी टरफलं दिसतील. कुठलं काटेरी, कुठलं गुळगुळीत, कुठलं तिकोनी. करंजाचं वेगळं, जांभळाचं वेगळं. टरफल जसंच्या तसं, आतला ऐवज मात्र फस्त! (नंतर हात साबणानं धुवायचे, हे सांगायला नकोच.)

इथेच आजची खरी गंमत सुरू होते. परागकणाचं कवच फार चिवट असतं. हजारो वर्षं चिखलात गाडलं गेलं तरी ते टिकतं. मग मधमाशी ते न फोडता आतलं खाते तरी कसं? आणि त्या कामात तिला मदत कोण करतं?

चला, आपण एका परागकणाबरोबर माशीच्या पोटात जाऊ.

माशी सोंडेनं मकरंद ओढते. तो एका अरुंद नळीतून थेट तिच्या पोटाच्या पुढच्या भागातल्या थैलीत जातो. ही मधाची थैली. हिच्यातला मकरंद माशीचा स्वतःचा नसतो, तो घरी न्यायचा असतो. मकरंदाबरोबर थोडे परागही आत येतात. थैलीच्या टोकाला एक झडप आहे, चार ओठांची, आणि त्या ओठांना बारीक केस आहेत. झडप सारखी उघडझाप करते आणि मकरंदात तरंगणारे परागकण वेचून वेचून मागे ढकलते. मकरंद पुढेच राहतो. हे गाळण मला मधमाशीच्या शरीरातली सर्वांत सुरेख गोष्ट वाटते. साऱ्या माशीचं वजन एक दशांश ग्रॅमच्या आसपास, आणि तिच्या पोटात इतकी नेमकी झडप!

झडपेपलीकडे जठर आहे. तिथे माशीचे स्वतःचे पाचकरस परागकणाच्या बारीक छिद्रांतून आत शिरतात आणि प्रथिनं काढून घेतात. उरलेला माल पुढे सरकतो तो आतड्यात. कणाच्या आतल्या बाजूचं अस्तर, न पचलेले धागे, चिकट पदार्थ असं बरंच काही त्यात असतं. माशीला हे पचवता येत नाही. पण आतड्यात त्याची वाट बघत कोणीतरी बसलेलं असतं.

कोण? जिवाणू! एका कामकरी माशीच्या पोटात जवळजवळ शंभर कोटी. भारताची लोकसंख्या एकशेचाळीस कोटींच्या वर आहे, म्हणजे दोन माश्या मिळून आपल्याला मागे टाकतील.

तुमच्या-माझ्या पोटात जिवाणूंच्या शेकडो जाती असतात, आणि तुमच्यातल्या वेगळ्या, माझ्यातल्या वेगळ्या. मधमाशीचं तसं नाही. तिच्या पोटात मुख्य मंडळी फक्त पाच गटांची. पुण्यातली माशी घ्या नाहीतर टेक्सासमधली, हेच पाच गट भेटतात. म्हणूनच पोटातले जिवाणू समजून घेण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा आता मधमाशीकडे वळल्या आहेत. माणसाच्या पोटातली गर्दी मोजताना शास्त्रज्ञांची दमछाक होते. इथे सगळे ओळखीचे चेहरे.

त्यातल्या दोघांशी ओळख करून घेऊ. पहिला स्नॉडग्रासेला. नाव उच्चारताना जीभ अडखळते ना? रॉबर्ट स्नॉडग्रास नावाच्या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञानं १९१० मध्ये मधमाशीच्या शरीररचनेवर मोठं पुस्तक लिहिलं, त्याच्या सन्मानार्थ हे नाव. दुसरा गिलियामेला. मार्था गिलियाम या संशोधिकेनं मधमाश्यांतल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास केला, जेव्हा या विषयाकडे फारसं कोणी बघतही नव्हतं. तिचं नाव आता प्रत्येक मधमाशीच्या पोटात कोरलं गेलंय, याचा मला फार आनंद वाटतो. वाल्डन क्वाँग आणि नॅन्सी मोरान यांनी ही नावं दिली. आणखी एक जिवाणू आहे फ्रिशेला. मधमाश्यांचा नाच उलगडून १९७३ चं नोबेल मिळवणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांच्या नावाचा.

स्नॉडग्रासेला आतड्याच्या भिंतीला अगदी चिकटून राहतो आणि भिंतीतून झिरपणारा प्राणवायू वापरून टाकतो. त्यामुळे आतड्याच्या मधल्या भागात प्राणवायू जवळजवळ उरत नाही, आणि बाकीच्या जिवाणूंना नेमकं तेच हवं असतं. त्याच्यावर थर करून राहतो गिलियामेला. हा परागाच्या भिंतीतलं पेक्टिन तोडतो. पेक्टिन म्हणजे पेरूच्या जेलीला घट्टपणा देणारा पदार्थ. काही फुलांतल्या साखरेत मॅनोज नावाचा प्रकार असतो. तो माशीला चक्क विषारी आहे, पण काही गिलियामेला तो खाऊन टाकतात. साखर खाताना गिलियामेला जी आम्लं सोडतो, ती स्नॉडग्रासेलाच्या उपयोगी पडतात. स्नॉडग्रासेलाला साखर खाताच येत नाही! मग आम्लं मिळाली नाहीत तर? २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी दाखवलं, की माशीचं शरीर स्वतःच आतड्यात आम्लं सोडतं आणि त्याला जगवतं. माशी आपल्या पाहुण्याला स्वतःच्या हातानं वाढते म्हणा ना.

आतड्याच्या शेवटी एक मोठी लवचीक पिशवी आहे. माशी विष्ठा साठवते ती इथे. घरात घाण करायची नाही हा मधमाश्यांचा कडक नियम आहे, म्हणून बाहेर पडेपर्यंत त्या थांबतात. बर्फाच्या देशांत तर हिवाळाभर, काही महिने थांबतात! पोटातले बहुतेक जिवाणू याच पिशवीत असतात. त्यांत लॅक्टोबॅसिलस असतात आणि बिफिडोबॅक्टेरियमही. लॅक्टोबॅसिलसचं नाव ऐकलंय ना? दुधाचं दही करणाऱ्या जिवाणूंचे हे नातलग.

आता मला तुम्हाला एक कोडं घालायचं आहे. नवी माशी कोषातून बाहेर पडते तेव्हा तिच्या पोटात जिवाणू किती असतात?

जवळजवळ शून्य.

असं कसं? अळी असताना माशी भरपूर खाते, पण तिच्या आतड्याचं मागचं दार बंदच असतं. अळीपण संपताना ते एकदाच उघडतं, सगळी घाण बाहेर पडते, आणि कोषात रूपांतर होताना आतड्याचं अस्तरही टाकून दिलं जातं. अंड्यापासून साधारण तीन आठवड्यांनी माशी मेणाचं झाकण कुरतडून बाहेर डोकावते, तेव्हा ती आतून कोरी करकरीत असते. पहिले काही दिवस ती बाहेर उडत नाही. रिकाम्या खोल्या चाटूनपुसून साफ करते, साठवलेला पराग खाते, दाई माश्यांच्या गर्दीत अंगाला अंग लावून फिरते. पोळ्यावर, मोठ्या बहिणींच्या अंगावर विष्ठेचे डोळ्यांना न दिसणारे अंश असतात. तेच तिच्या पोटात जातात, आणि चार-सहा दिवसांत शंभर कोटींची वस्ती उभी राहते. आजी कोमट दुधात चमचाभर विरजण लावते आणि सकाळी पातेलंभर दही तयार असतं, तसंच हे! फरक इतकाच, की माशीला विरजण लावतात तिच्या बहिणी.

बहिणी नसतील तर? शास्त्रज्ञांनी नेमकं हेच करून पाहिलं. झाकण कुरतडण्याआधीच चिमट्यानं एकेक कोष अलगद उचलून निर्जंतुक डब्यात ठेवला. माश्या डब्यातच जन्मल्या. अर्ध्यांना जिवाणू पाजले, अर्ध्यांना नाही. खाणं दोघींना सारखं. जिवाणू मिळालेल्या माश्यांचं वजन जास्त वाढलं. जिवाणू न मिळालेल्या मेल्या नाहीत, पण त्या मागे पडल्या.

लोझानच्या संशोधकांनी आणखी पुढे जाऊन माश्यांच्या पाठीवर चिमुकली चौकोनी खूणपत्रं चिकटवली, म्हणजे कॅमेऱ्याला प्रत्येक माशी वेगळी ओळखता येईल. मग त्या एकमेकींना कशा भेटतात ते मोजत बसले. पोटात जिवाणू असलेल्या माश्या एकमेकींच्या डोक्याला डोकं लावून जास्त वेळा भेटत होत्या, आणि ठरावीक मैत्रिणींकडे पुन्हा पुन्हा जात होत्या. २०२२ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. पोटातल्या सोबत्यांचा परिणाम थेट गप्पागोष्टींवर! २०२० मधलं अमेरिकेतलं एक संशोधनही असंच चकित करणारं आहे. पोळ्याच्या दाराशी पहारेकरी माश्या येणाऱ्या प्रत्येकीचा वास घेतात. आपल्या घरचा वास असेल तर आत, नसेल तर धक्के मारून बाहेर. हा घरचा वास घडवण्यात पोटातल्या जिवाणूंचा वाटा असतो, असं त्या संशोधनात आढळलं.

ही दोस्ती किती जुनी असेल? मधमाश्या, थंड प्रदेशातल्या केसाळ बंबलबी आणि आपल्याकडच्या डंख न करणाऱ्या बारक्या माश्या या सगळ्यांच्या पायावर पराग ठेवायची टोपली असते. सगळ्या एकाच पूर्वजाच्या वंशज. २०१७ मध्ये त्यांच्या पंचवीस जातींच्या पोटातले जिवाणू तपासले गेले आणि हिशेब निघाला सुमारे आठ कोटी वर्षांचा. डायनासोर संपले साडेसहा कोटी वर्षांपूर्वी! म्हणजे डायनासोर जमिनीवर फिरत होते तेव्हाही वर फुलांवर माश्या होत्या आणि त्यांच्या पोटात या जिवाणूंचे पूर्वज होते. इतक्या काळात प्रत्येक जातीच्या माशीचे जिवाणू तिच्याशी असे जुळलेत, की बंबलबीच्या पोटातला स्नॉडग्रासेला मधमाशीच्या पोटात नीट रुजत नाही.

म्हणूनच पुण्याकडे या नजरेनं बघायला मजा येते. एका शहरात किती जातींच्या मधमाश्या आहेत! उंचावर आग्या. खिडकीच्या गजाला किंवा बोगनवेलीच्या फांदीला तळहाताएवढं एकच पोळं बांधणारी फुलोरी. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत राहणारी सातेरी. भिंतीच्या भेगेत मेणाची नळी काढणारी, डंख न करणारी माशी. आणि पेट्यांमधून पाळलेली परदेशी मेलिफेरा, जी साठच्या दशकात भारतात रुजली. येताना तिनं आपले पोटातले सोबतीही बरोबर आणले. गणेशखिंड रस्त्यावर १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे. देशभरातून लोक तिथे मधमाश्या पाळायला शिकायला येतात. जिवाणू जपून ठेवणारं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रही पुण्यातच आहे. तिथे लाखाहून अधिक सूक्ष्मजीव गोठवून, वाळवून सांभाळलेले आहेत. माशी आणि जिवाणू, दोन्हींचा अभ्यास करणारी माणसं एकाच गावात! तुमच्यापैकी कोणाला मोठेपणी हा विषय घ्यावासा वाटला, तर लांब जायची गरज नाही.

महाबळेश्वरकडे गेलात तर मांघर गावी जरूर थांबा. २०२२ मध्ये ते ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. तिथे सातेरीच्या पेट्या आहेत आणि जांभूळ, गेळा, हिरडा यांचा मध मिळतो.

मधावरून एक महत्त्वाची गोष्ट आठवली. आपल्याकडे जन्मलेल्या बाळाला मध चाटवायची पद्धत आहे. डॉक्टर सांगतात, की एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध अजिबात देऊ नका. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाच्या जिवाणूची सुप्त बीजं असू शकतात. तुमच्या पोटात चांगल्या जिवाणूंची वस्ती भरलेली असते, त्यामुळे त्या बीजांना उगवायला जागाच मिळत नाही. तान्ह्या बाळाच्या पोटातली वस्ती अजून बसायची असते. तिथे ही बीजं उगवून विष तयार करू शकतात, आणि बाळ फार आजारी पडतं. घरात तान्हं बाळ असेल तर हे आजीला नक्की सांगा.

वस्ती उठली की काय होतं, हे मधमाश्यांतही दिसलं आहे. माश्यांच्या अळ्यांना रोग होऊ नये म्हणून काही देशांत पेट्यांमध्ये टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक टाकतात. २०१७ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी काही माश्यांना पाच दिवस ते औषध दिलं आणि मग त्यांना परत पोळ्यात सोडलं. त्यांच्या पोटातले जिवाणू खूपच कमी झाले होते, आणि औषध न घेतलेल्या बहिणींपेक्षा त्या कमी संख्येनं जगल्या. पुढच्याच वर्षी ग्लायफोसेट या तणनाशकाचा अभ्यास झाला. ते तण मारतं ज्या मार्गानं, तो मार्ग प्राण्यांत नसतो, म्हणून मधमाशीला त्याचा थेट धोका नाही असं मानलं जात होतं. पण तो मार्ग जिवाणूंत असतो! ग्लायफोसेट पोटात गेलेल्या माश्यांमध्ये स्नॉडग्रासेला घटले आणि त्या दुसऱ्या रोगजंतूंना लवकर बळी पडल्या. माशीला हात न लावता माशीला इजा झाली. शेताच्या बांधावर किंवा सोसायटीच्या बागेत काही फवारण्यापूर्वी मोठ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

याच जिवाणूंना माशीच्या मदतीला पाठवण्याचा प्रयत्नही झाला आहे. व्हरोआ नावाचा एक लालसर, चपटा गोचीड-वर्गी जीव माशीच्या अंगाला चिकटतो आणि पंख वेडेवाकडे करणारा विषाणू पसरवतो. मुळात तो आशियातल्या सातेरी जातीवर राहणारा. सातेरी त्याला ओळखून असते, एकमेकींच्या अंगावरून वेचून काढते. मेलिफेराला ती सवय नाही, त्यामुळे जगभर तिच्या वसाहतींचं त्याच्यामुळे मोठं नुकसान झालं. २०२० मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी स्नॉडग्रासेलात छोटा बदल केला. हा बदललेला जिवाणू माशीच्या पोटात बसून असे रेणू बनवतो, की माशीला चावणारे व्हरोआ जास्त मरतात. विषाणूविरुद्धही त्यांनी असाच जिवाणू तयार केला, आणि त्या माश्या जास्त दिवस जगल्या. हे सगळं अजून प्रयोगशाळेपुरतं आहे, बंद खोलीत, काळजीपूर्वक.

आता शेवटचा प्रश्न, जो मला एका मुलीनं विचारला होता: मोहोळ नवीन जागी जातं तेव्हा जिवाणू कसे जातात? राणी नेते का? नाही. राणीच्या पोटातली वस्ती वेगळीच असते, कारण ती पराग खात नाही. दाई माश्या तिला आयतं राजान्न भरवतात. सातेरीचं मोहोळ फुटतं, तेव्हा जुन्या राणीबरोबर हजारो कामकरी माश्या बाहेर पडतात. निघण्यापूर्वी त्या मधाच्या थैल्या गच्च भरून घेतात, कारण नवीन घरी मेण गाळून खोल्या बांधायच्या असतात. जिवाणूंसाठी वेगळं सामान बांधावं लागत नाही. ते प्रत्येकीच्या आतड्यात बसलेलेच असतात. नव्या पोळ्यात साधारण तीन आठवड्यांनी पहिली कोरी माशी झाकण कुरतडून बाहेर येते, तेव्हा तिला विरजण लावायला या मोठ्या बहिणी हजर असतात.